छंद : बुद्धिबळ

सावळेरामने अंजनाचा बायोडाटा टाइप केला, तेव्हा तिने तो नीट वाचलाही नव्हता. घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर सावळेरामचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात त्याने टाइपरायटरच्या रांगेच्या टोकाला एक कॉम्प्युटर आणून ठेवला आणि आजूबाजूच्या गावांतली शिकलेली पोरं त्याच्याकडे बायोडाटा करून घ्यायला येऊ लागली. त्याच्याकडे एक नमुना तयारच होता. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मार्क बदलायचे, बाकीचं तसंच ठेवायचं. त्यामुळे काम पटकन व्हायचं आणि कागद भरलेला दिसायचा.

अंजना मंचरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती. डिंभ्याच्या धरणाखाली, कालव्याच्या कडेला तिच्या वडिलांची थोडी शेती होती. तिचा आजा दरवर्षी मेंढरं घेऊन लांबलांबच्या मुलखात जायचा. वडिलांनी, राघूंनी, ते बंद केलं. कालव्याला पाणी आल्यावर ते शेतीकडे वळले आणि दावणीला मोजकीच मेंढरं ठेवली. अख्ख्या वस्तीत बीएस्सी झालेली अंजना पहिली. त्यामुळे नोकरी कशी मिळवायची, हे तिला सांगणारं वस्तीत कोणी नव्हतं.

त्या दिवशी बस लागलेली होती. सावळेरामने शेवटचं विचारलं, छंद काय लिहू? अंजनाला काही सुचेना. छंद म्हणजे नक्की काय विचारतात, हेही तिला कळलं नाही. ती म्हणाली, तुम्हाला बरं वाटेल ते लिहा. सावळेरामने क्षणभर विचार केला.

"बुद्धिबळ टाकतो," तो म्हणाला. "बुद्धीचं कायतरी दिसलं की साहेब लोकांना बरं वाटतं."

अंजनाने कागद घेतले आणि बस पकडली. पेपरात आलेल्या चार-पाच जाहिरातींना तिने ते पाठवून दिले आणि विसरूनही गेली.

पावसाळा संपत आला तेव्हा चाकणजवळच्या एका औषधाच्या कंपनीचं पत्र आलं. प्रयोगशाळेत एक सहायक हवा होता आणि पंधरवड्यानंतर मुलाखतीला बोलावलं होतं. अंजनाने पत्र दोनदा वाचलं आणि तशीच शेजारच्या संपतकडे गेली. वस्तीत मुलाखत देऊन आलेला तेवढा एकच माणूस होता. संपत आयटीआय झालेला. नुकताच तो रांजणगावकडच्या एका कारखान्यात जाऊन, नकार घेऊन परत आला होता. आत काय होतं, हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. अंजनाने मात्र त्याला सोडलं नाही. खोली केवढी असते, बसायला सांगतात का, किती जण असतात, मराठीत बोलतात की इंग्रजीत, सगळं विचारलं. तो कालव्याच्या भिंतीवर बसून जनावरांसाठी दोर वळत होता. उत्तरं देता देता त्याचा दोर तसाच राहिला.

त्याने सांगितलं ते असं. त्याचाही बायोडाटा सावळेरामनेच केला होता. त्यात छंद म्हणून वाचन लिहिलं होतं. साहेबांनी मशीनचं काही विचारलंच नाही. शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत, एवढंच विचारलं. संपतला शाळेच्या पुस्तकांपलीकडे काही आठवेना. मग साहेबांनी विचारलं, की पुस्तक नाही तर वर्तमानपत्रात काय वाचता? तो म्हणाला, बाजारभाव. ते हसले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

"त्ये खालनं वाचत्यात, अंजे," संपत म्हणाला. "वरचं शिक्षान समद्यांचं सारखंच आसतंय. माणूस खाली सापडतो."

अंजना घरी आली, ट्रंकेतून बायोडाट्याची प्रत काढली आणि खालून वाचली. छंद : बुद्धिबळ. तिने आयुष्यात बुद्धिबळाचा पट पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती घोडेगावला सावळेरामकडे गेली. तो म्हणाला, आता कागद कंपनीत पोचला, बदलून काय उपयोग? आणि इतक्या पोरांच्या बायोडाट्यात मी बुद्धिबळ टाकलंय, कोणी तक्रार केली नाही. अंजनाने विचारलं, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली? सावळेराम टाइपरायटरवरची धूळ पुसायला लागला.

तिला नोकरीची काळजी होतीच. पण त्याहून जास्त तिला एका गोष्टीचं कुतूहल लागून राहिलं. ज्या खेळाचं नाव कागदावर दिसलं तरी साहेब लोकांना बरं वाटतं, तो खेळ असतो तरी कसा? तिने स्टँडवर चौकशी सुरू केली. स्टेशनरीच्या दुकानात पट मिळाला नाही. कॉलेजातला एक ओळखीचा मुलगा म्हणाला, शाळेत असताना खेळायचो, आता विसरलो. शेवटी डिंभ्याच्या बसचा कंडक्टर, जो तिला लहानपणापासून ओळखत होता, तो म्हणाला की डिंभ्याला ठकूबाई खेळते. मासळी विकते ती. अंजनाला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याने तिकीट फाडता फाडता सांगितलं, की चेष्टा नाही, मी माझ्या डोळ्यांनी पट मांडलेला पाहिलाय. समोर मात्र कोणी बसलेलं नव्हतं.

ठकूबाई साठीच्या आसपासची. धरणाच्या पाण्यात तिचं मूळ गाव गेलं, आणि तेव्हापासून ती पाटबंधारे खात्याच्या कॉलनीमागे दोन खोल्यांत राहत होती. सकाळी जलाशयावरून मासळी आणायची, रस्त्याच्या कडेला विकायची, उरलेली वाळत घालायची. अंजना गेली तेव्हा ती टोपली धूत होती. अंजनाने सगळं खरं खरं सांगितलं. बायोडाटा, सावळेराम, संपतची मुलाखत, सगळं. ठकूबाईने टोपली उन्हात पालथी घातली आणि पदराला हात पुसले.

"म्हंजी आदी खोटं लिवलं," ती म्हणाली, "आन आता त्ये खरं कराया आलीस."

अंजना हो म्हणाली. ठकूबाई आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली.

डब्यात लाकडी सोंगट्या होत्या आणि घडी घालून ठेवलेला कापडी पट होता. त्याची काळी घरं धुवून धुवून राखाडी झाली होती. पांढऱ्यांतला एक उंट हरवला होता. त्याच्या जागी जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी होती. ठकूबाईने एकेक सोंगटी उचलून नाव सांगितलं. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती आणि पुढे प्यादी. कोण कसा चालतो, तेही दाखवलं. अंजनाने विचारलं, उंट तिरपाच का चालतो? ठकूबाई म्हणाली, मी उंट कधी बघितला नाही, तिरपाच चालत असेल. अंजना म्हणाली, मंचरला एकदा उंटवाले आले होते. त्यांचा उंट सरळच चालत होता. ठकूबाईला ही माहिती नवी होती. तिने उंट हातात घेऊन थोडा वेळ पाहिला आणि परत त्याच्या घरात ठेवला.

हा खेळ ठकूबाईकडे आला कसा, हे अंजनाला पहिल्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तिने विचारून विचारून काढून घेतलं. धरणाचं काम चालू होतं तेव्हा कॉलनीत एक इंजिनियर राहायचे. ठकूबाई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. साहेब दिवसभर साइटवर आणि बाईसाहेब घरात एकट्या. त्या मूळच्या सांगलीकडच्या. त्यांना लहानपणी त्यांच्या आजोबांनी बुद्धिबळ शिकवलं होतं आणि इथे त्यांच्याशी खेळायला कोणी नव्हतं. एकदा दुपारी ठकूबाईची भांडी घासून झाली, तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, बस इथे.

"मला वाटलं काचापाण्याचा खेळ आसंल," ठकूबाई म्हणाली. "मी फतकल मारूनच बसले. मंग कळलं, ह्ये निराळंच हाय."

काही वर्षं दोघी दुपारी खेळल्या. मग साहेबांची बदली झाली. जाताना बाईसाहेबांनी डबा ठकूबाईच्या हातात दिला. त्यानंतर ठकूबाई एकटीच खेळत आली होती. एकदा इकडून, एकदा तिकडून. तिकडे बसली की बाईसाहेब खेळतील तसं खेळायची. बाईसाहेब घोडे फार पळवायच्या, म्हणून तिकडचे घोडे आधी निघायचे. अंजनाने विचारलं, मग जिंकतं कोण? ठकूबाई म्हणाली, जास्त करून बाईसाहेबच.

अंजना रोज दुपारच्या बसने डिंभ्याला जाऊ लागली. बस आली नाही तर कालव्याच्या रस्त्याने चालत. घरी आईला, सरूबाईंना, हे काही समजेना. नोकरी औषधाच्या कंपनीत आणि पोरगी सोंगट्या शिकायला मासळीवालीकडे जाते, याचा मेळ त्यांना लागत नव्हता. त्या एकदा राघूंना म्हणाल्या, तुम्ही तरी विचारा. राघू म्हणाले, मेंढरं हाकायला लागलो तेव्हा मलाही काही कळत नव्हतं, जाऊ दे तिला. एवढं बोलून ते शेतात पाणी धरायला गेले. रात्री मात्र त्यांनी अंजनाला हळूच विचारलं, की त्या खेळातला हत्ती मोठा की वजीर?

ठकूबाईच्या खेळाचे नियम पक्के होते. प्यादं एका वेळी एकच घर पुढे जायचं. पलीकडच्या टोकाला पोचलं, की ज्या घरात पोचलं त्या घराचा मोहरा व्हायचं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. आणि राजाला अख्ख्या डावात एकदा, शह बसलेला नसेल तर, घोड्यासारखी उडी मारता यायची. अंजना रोज हरायची. एकदा तिने ठकूबाईचा राजा कोपऱ्यात असा गाठला, की पुढच्या चालीला मात व्हायचीच होती. ठकूबाई शांतपणे उडी मारून बाहेर पडली. अंजना पटाकडे बघतच राहिली. ती उडी तिला सांगितलेली होती, पण डोक्यात नव्हती. त्या दिवसापासून तिचा खेळ बदलला. समोरच्याकडे अजून काय शिल्लक आहे, हे ती आधी बघू लागली. मुलाखतीच्या आदल्या दुपारी ती पहिल्यांदा जिंकली.  ठकूबाईने लगेच डाव पुन्हा मांडला आणि अंजनाने कुठून सुरुवात केली, कुठे वळली, ते सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं.

रसायनशास्त्राचा अभ्यासही तिने केला होता. सकाळी लवकर उठून ती जुन्या वह्या वाचायची. संपत शेजारून येऊन तिला प्रश्न विचारायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पुस्तकाकडे बघून प्रश्न विचारायला आणि उत्तर जुळतंय का बघायला त्याला आवडू लागलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी घोडेगावहून मंचर आणि मंचरहून चाकण, अशा दोन बस बदलून ती पोचली. बाहेरच्या खोलीत आणखी काही उमेदवार बसले होते. एक पुण्याची मुलगी फाइल मांडीवर ठेवून डोळे मिटून ओठ हलवत होती. अंजनाने तिला विचारलं, काय म्हणताय? ती म्हणाली, स्वतःबद्दल सांगा असं विचारतात, ते पाठ करतेय. अंजनाला वाटलं, स्वतःबद्दलचं पाठ का करावं लागतं? पण तिच्या स्वतःजवळही काही तयार नव्हतं.

आत तिघं होते. मधोमध प्रयोगशाळेच्या मुख्य बाई बसल्या होत्या. पिकलेले केस, चष्मा, मानेभोवती चष्म्याची दोरी. एका बाजूला कामगारांचं बघणारे वयस्क अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला एक तरुण साहेब. बायोडाटा या तरुण साहेबांच्या हातात होता. अंजनाने त्यांच्याकडे पाहिलं. संपत म्हणाला होता तसंच, त्यांचा अंगठा कागदाच्या खालच्या टोकाला होता.

पहिले प्रश्न बाईंचे. आम्ल आणि अल्कली यांचं अनुमापन, म्हणजे टायट्रेशन, कसं करता, सूचक कोणता वापरता, ब्युरेटची नळी भरताना काय काळजी घेता. अंजनाने उत्तरं दिली. मग त्यांनी एका उपकरणाबद्दल विचारलं. ते तिने पुस्तकात चित्रातच पाहिलं होतं. तिने तसं सांगितलं. बाईंनी कागदावर काही लिहिलं. काय लिहिलं ते बघण्याचा अंजनाला फार मोह झाला.

मग तरुण साहेब बोलले. "बुद्धिबळ. वा. रोज खेळता?"

अंजना हो म्हणाली. ते खरंच होतं.

पहिली चाल कोणती करता, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, राजापुढचं प्यादं एक घर. ते म्हणाले, एकच? ती म्हणाली, हो, प्यादं एकच घर जातं. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, की राजा संकटात यायला लागला तर त्याला कसं वाचवता? अंजनाने राजाच्या उडीबद्दल सांगितलं. साहेबांनी बायोडाटा टेबलावर ठेवला.

"ताई, हे बुद्धिबळ नाही," ते म्हणाले. "तुम्ही कोणाकडून तरी ऐकून आलाय."

अंजनाचे कान तापले. उठून जावं असं तिला वाटलं. पण त्याच वेळी, राजा उडी मारत नाही तर काय करतो, हेही तिला जाणून घ्यायचं होतं. ती बसून राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. बायोडाटा टाइप झाला तेव्हा तिला खेळ येत नव्हता. दुसऱ्याने तो शब्द घातला. पत्र आल्यावर ती शिकायला गेली. शिकवणारी मावशी डिंभ्याला मासळी विकते आणि ती असंच खेळते.

"ते खोटं होतं, म्हणून खरं करायला गेले," ती म्हणाली. "पण हेही चूक असेल, तर बरोबर कसं असतं ते सांगाल का?"

 मग तरुण साहेबांनी खरंच सांगायला सुरुवात केली. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजा उडी मारत नाही, तो आणि हत्ती मिळून एक चाल करतात आणि राजा हत्तीच्या आड जातो. टोकाला गेलेल्या प्याद्याचा हवा तो मोहरा करता येतो. अंजनाने विचारलं, मग सगळे वजीरच करत असतील? ते म्हणाले, बहुतेक. तिने विचारलं, राजाची उडी कधी बंद केली आणि का? ते त्यांना माहीत नव्हतं. वयस्क अधिकारी आतापर्यंत पेनाशी खेळत होते. ते म्हणाले की आमच्या वडिलांच्या काळात काही लोक तशी उडी खेळायचे, मी पाहिलंय, पण स्पर्धेत ते चालत नाही.

"आपण बुद्धिबळ खेळणारं माणूस शोधत नाही आहोत," मुख्य बाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी बायोडाटा उचलून अंजनासमोर ठेवला. "यात आणखी खोटं काय आहे?"

अंजनाने कागद हातात घेतला. तो तिने असा वरपासून खालपर्यंत पहिल्यांदाच वाचला. इंग्रजी संभाषण, उत्तम. संगणकाचे ज्ञान. नेतृत्वगुण. संघभावनेने काम करण्याची आवड. दबावाखाली काम करण्याची क्षमता. तिने पेन मागितलं. वयस्क अधिकाऱ्यांनी आपलं दिलं. ती एकेक ओळ वाचत गेली. इंग्रजी वाचता येतं आणि समजतं, बोलताना अडते, म्हणून तिने 'संभाषण, उत्तम' हे शब्द खोडले आणि वर 'वाचन चांगले' असं लिहिलं. संगणक सावळेरामच्या दुकानात लांबून पाहिला होता, ती ओळ खोडली. नेतृत्वगुणाशी थांबली. त्याचा नक्की अर्थ काय, असं तिने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, दहा जणांना कामाला लावता येतं का? अंजनाने ती ओळही खोडली, आणि संघभावनेचीही. दबावाच्या ओळीवर ती बराच वेळ अडली. शेवटी म्हणाली, हे मला अजून माहीत नाही. बाई म्हणाल्या, मग राहू दे.

कागदावर खूपच कमी उरलं. शिक्षण, मार्क, पत्ता, इंग्रजी वाचन, ती अडलेली दबावाची ओळ, आणि खाली बुद्धिबळ. ते तिने खोडलं नाही.

बाईंनी कागद परत घेतला आणि विचारलं, "आणि जे खरं आहे पण यात लिहिलेलं नाही, असं काही?"

संपतने असल्या प्रश्नाबद्दल काही सांगितलं नव्हतं. अंजनाने विचार केला.

"मी फार विचारते," ती म्हणाली. "घरी कंटाळतात."

बाईंनी मान हलवली. त्यांनी पुन्हा काहीतरी लिहिलं आणि तिला जायला सांगितलं. दाराशी गेल्यावर अंजना वळली. तिला विचारायचं होतं, की तुम्ही काय लिहिलंत? पण पुढचा उमेदवार आत येत होता, म्हणून ती बाहेर पडली.

परतीच्या बसमध्ये तिला वाटत राहिलं की आपण सगळं घालवलं. जो कागद आपल्यासाठी बोलायला हवा होता, तो आपणच आपल्या हाताने कमी केला. पण तिला वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नव्हतं. राजा हत्तीच्या आड जातो म्हणजे पटावर कसं दिसेल, हे ती मनात मांडत होती आणि मंचर कधी आलं ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डिंभ्याला गेली. ठकूबाईने आधी मुलाखतीचं सगळं विचारलं. किती माणसं होती, बाई होती का, ती मधल्या खुर्चीवर होती की कडेच्या. मधल्या खुर्चीवर होती हे ऐकून ठकूबाईने तिचं लुगडं कोणतं होतं, तेही विचारलं. मग अंजनाला उडीचं सांगावं लागलं. तिला ते अवघड गेलं. ठकूबाई ऐकत होती आणि तिच्या हातात मासळी कापायचा कोयता होता.

"म्हंजी बाईसायबांनी मला चुकीचं शिकिवलं?"

अंजना म्हणाली, चुकीचं नाही. जुनं. त्यांच्या आजोबांचं तसं असणार. बाहेर आता वेगळं चालतं.

ठकूबाईने कोयता बाजूला ठेवला, हात धुतले आणि पट आणला. "दाव तुज्या सायबाचा राजा कसा लपतो त्ये," ती म्हणाली.

अंजनाने दाखवलं. ठकूबाईने ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग तिचं मत पडलं, की हा राजा भित्रा आहे, पण हुशार आहे. त्या दुपारी त्या नव्या नियमांनी खेळल्या आणि ठकूबाई हरली. दुसरा डाव जुन्या नियमांनी खेळल्या, आणि तोही ती हरली. अंजनाला अपराधी वाटलं. ठकूबाईला तसं काही वाटलेलं दिसलं नाही. तू यायच्या आधी इतक्या वर्षांत आपल्याला कोणी हरवलं नव्हतं, ती म्हणाली, आपणच आपल्याला हरवायचो.

महिना गेला तरी कंपनीचं काही आलं नाही. या मधल्या काळात अंजना सावळेरामकडे गेली आणि तिने बायोडाटा नव्याने करायला सांगितला. काय ठेवायचं ते तिने लिहूनच नेलं होतं. सावळेरामला ते पटलं नाही. कागद अर्धा रिकामा दिसतोय, तो म्हणाला, लोक म्हणतील सावळेरामला नीट करता येत नाही. अंजनाने सांगितलं, मोठ्या अक्षरात करा. तो कुरकुरला, पण त्याने केलं. त्यानंतर त्याच्याकडे आलेल्या एका मुलाला त्याने छंद विचारला तेव्हा अंजना तिथेच होती. मुलगा म्हणाला, तुम्हाला बरं वाटेल ते टाका. सावळेरामचा हात कीबोर्डवर थांबला. मग त्याने खुर्ची वळवली आणि त्याला विचारलं, तू संध्याकाळी काय करतोस? मुलगा बराच वेळ सांगत राहिला. जुने रेडिओ उघडून बघतो, त्यातला एखादा चालूही होतो. सावळेरामने ते टाइप केलं.

दिवाळीनंतर पत्र आलं. जाहिरातीतली जागा भरली होती. पण प्रयोगशाळेत सहा महिने शिकाऊ म्हणून यायची तयारी असेल तर कळवा, असं अंजनाला विचारलं होतं. पगार कमी होता आणि पुढचं काही लिहिलेलं नव्हतं. राघूंनी पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. सरूबाईंची काळजी वेगळी होती. पोरगी राहणार कुठे, जेवणार काय? कंपनीतल्याच दोघी मुलींनी चाकणला खोली घेतली होती, त्यांच्यात जागा झाली. राघू तिला सोडायला गेले आणि खोलीच्या दाराची कडी आतून नीट लागते का ते स्वतः लावून बघून परत आले.

पहिल्या दिवशी मुख्य बाईंनी तिला कुठलंही उपकरण दिलं नाही. धुवायला काचेची भांडी दिली. टेबलभर बाटल्या, चंचुपात्रं, ब्युरेट. आधी नळाच्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने, मग उलटी करून सुकवायची. एका भांड्यालाही बोटाचा डाग राहिला तर पुन्हा. अंजनाने सकाळभर तेच केलं. तिच्या शेजारी ती पुण्याची मुलगी उभी होती. जाहिरातीतली जागा तिला मिळाली होती. तीही भांडीच धूत होती. तिने अंजनाला हळूच विचारलं, की स्वतःबद्दल तू काय सांगितलंस? अंजना म्हणाली, मला ते विचारलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी बाई भांडी बघायला आल्या. एकेक उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडासमोर धरली. काही बाजूला काढली, बाकीची ठीक म्हणाल्या. त्या निघाल्या तेव्हा अंजनाने कोपऱ्यातल्या झाकून ठेवलेल्या यंत्राकडे बोट केलं. कापडाखालून दिसत होतं त्यावरून, मुलाखतीत तिला न आलेलं तेच उपकरण होतं.

"ते उघडून बघता येईल का, बाई?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी यंत्रावरचं कापड काढलं, स्टूल ओढलं आणि तिला बसायला सांगितलं.